‘विसरून जा’ हे औषध नव्हे

मुलाच्या गुडघ्याला खरचटले तर आपण लगेच हळद लावतो. मनावरची जखम उघडकीला आली, की मात्र घराघरांतून एकच औषध निघते : ‘विसरून जा, आणि बाहेर बोलू नकोस.’ मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून या औषधाविरुद्ध मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

अशी मुले थोडीच असतील, हा भ्रम आहे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना प्रश्न विचारले होते. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचारी पुष्कळदा ओळखीचाच असतो. मग मुलाने सांगावे कोणाला?

गप्प बसलेले मूल विसरत नाही. ते झोपेत दचकते, अंथरूण ओले करते, वर्गात शून्यात पाहते किंवा विनाकारण मारामारी करते. आपण त्याला हट्टी म्हणून मोकळे होतो!

मानसोपचारक काय करतो? प्रथम मूल सुरक्षित आहे ना, हे पाहतो. मग खेळणी, बाहुल्या, चित्रे पुढे ठेवतो. मुलाला शब्द सापडत नाहीत, तिथे खेळ बोलतो, हे व्हर्जिनिया ॲक्सलाइन या विदुषीने १९४७ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. पुढे कोहेन, मॅनारिनो व डेब्लिंजर या अमेरिकन तज्ज्ञांनी आघातग्रस्त मुलांसाठी एक उपचारपद्धती बसविली. तिच्यात साधारणपणे १२ ते १६ बैठका होतात. मूल आधी श्वास संथ करावयास व भीतीला नाव द्यावयास शिकते, मग बेताबेताने घडलेले सांगते. ‘माझीच चूक होती’ ही मनात रुतलेली समजूत तिथे सुटते. पालकांनाही सोबत घेतले जाते.

कोणी म्हणेल, खपली काढल्याने जखम चिघळणार नाही का? खोदून खोदून विचारले, तर जरूर चिघळेल. म्हणूनच २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांनी गणवेशाविना जबाब घ्यावा, न्यायालयाने मुलाला वारंवार साक्षीला बोलावू नये, असे बंधन घातले. उपचारक मुलाच्या गतीने चालतो. फरक आहे तो इथेच.

उपचारक गावोगावी नाहीत, हे खरे. आपल्याला त्यातल्या त्यात जवळ म्हणजे धारवाडची मानसिक आरोग्य संस्था. परंतु मूल पहिल्यांदा बोलते ते उपचारकाशी नव्हे. आई, ताई किंवा शिक्षकांशी बोलते. त्या क्षणी ‘तू सांगितलेस ते बरे केलेस, तुझी चूक नाही’ एवढे म्हणणे कोणालाही साधेल. नंतर पोलिसांना किंवा १०९८ या क्रमांकावर कळविणे हे कर्तव्यच आहे. माहिती दडविणे हा गुन्हा आहे.

आणखी एक. दुःख माणूस घरच्या भाषेत सांगतो. आपल्या सीमाभागात ती कधी मराठी असते, कधी कन्नड. दोन्ही समजणारे उपचारक बाहेरून कोण आणून देणार? मानसशास्त्राच्या वर्गातील मित्रमैत्रिणींनो, पदवीनंतर काय करावे याचा विचार करताना हे काम दृष्टीआड करू नका, एवढीच विनंती.