ब्रेल पुस्तकाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. शेजारची इंडिया सिक्युरिटी प्रेस तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. इथल्या लोकांना या लांबलचक नावांची गरज पडत नाही. ‘मुलगा प्रेसमध्ये आहे’ एवढं कानावर आलं की सोयरिकीच्या बैठकीत पुढची चौकशी थांबायची, असा त्या नोकरीचा एके काळी दबदबा होता. करन्सी नोट प्रेसमध्ये छापल्या जाणाऱ्या पाचशेच्या नोटेच्या कडांवरून बोट फिरवलं, तर पाच तिरप्या रेघा हाताला लागतात. शंभराच्या नोटेवर चार रेघा आहेत. दोनशेच्या नोटेवरही चारच, पण त्यांच्या मधोमध दोन गोल आहेत. शिवाय शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आणि पाचशेच्या नोटेवर वर्तुळ असतं. दृष्टिहीन माणसाला नोट ओळखता यावी, म्हणून हा खटाटोप. त्याचे पैसे छपाईच्या खर्चातच धरलेले असतात, त्यासाठी कोणी दानशूर शोधत फिरत नाही.

ही सोय पुरेशी आहे असं मात्र नाही. नोटाबंदीनंतरच्या मालिकेत शंभराची नोट १४२ मिलिमीटर लांब आहे, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. रुंदी तिन्हींची ६६. चार मिलिमीटरचा फरक भाजीवाल्यासमोर उभं राहून बोटांनी मोजायचा म्हणजे थट्टाच. अंधांसाठी काम करणारी ‘नॅब’ ही संस्था हा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं नोट ओळखणारं ‘मणी’ हे मोबाईल ॲप आणलं. ते कितपत उपयोगी, यावर वाद होऊ शकतो. पण नोट ओळखता येण्याजोगी करणं हे सरकारचं काम आहे आणि पैसेही सरकारनेच घालायचे, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं.

शाळेच्या पुस्तकाबाबत हे मान्य असूनही अमलात येत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा कलम १७ मध्ये स्वच्छ सांगतो की, लक्षणीय अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं, इतर शैक्षणिक साहित्य आणि सहाय्यक साधनं मोफत द्यायची. कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कॉपीराइटची अडचणही आता सांगता येत नाही, कारण २०१२ च्या दुरुस्तीनं अपंग वाचकांसाठी पुस्तकाचं रूपांतर करायला मोकळीक दिली. एवढंच नाही, तर अंध वाचकांसाठीचा माराकेश करार मंजूर करणारा भारत हा २०१४ मध्ये जगातला पहिला देश ठरला. कागदावर आपण नेहमीच पुढे असतो.

प्रत्यक्षात ब्रेल पुस्तकं उशिरा येण्याची तक्रार अंधशाळांमध्ये जुनी आहे. मराठी शाळेतल्या पहिली ते आठवीच्या मुलांच्या हातात जूनमध्ये, शाळेच्या पहिल्या दिवशी पुस्तकं पडावीत म्हणून शासकीय यंत्रणा उन्हाळाभर धावते. जिल्ह्याला इतके संच, तालुक्याला इतके, असे हिशेब लागतात, ट्रक निघतात आणि प्रवेशोत्सवाचे फोटो छापून येतात. या वेळापत्रकात ब्रेल प्रतीसाठी जागाच ठेवलेली नसते. बालभारतीचं पुस्तक छापून झालं की मग कोणीतरी ते ब्रेलमध्ये उतरवायला घेतं.

उतरवायचं म्हणजे नेमकं काय, हे पाहिलं तर उशीर कुठे होतो तेही कळतं. ब्रेलच्या प्रत्येक घरात सहा ठिपके असतात आणि मराठी ब्रेलमध्ये काना, मात्रा, वेलांटीला स्वतंत्र घर लागतं. जोडाक्षरात हलन्ताचं चिन्हही वेगळं येतं. ‘विद्यार्थी’ हा शब्द डोळसांच्या पुस्तकात तीन अक्षरांत संपतो, ब्रेलमध्ये त्याला दहा घरं लागतात. कागद जाड, अक्षर बारीक करायची सोय नाही. त्यामुळे शंभर पानांच्या पुस्तकाचे जाडजूड दोन-तीन खंड सहज होतात. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर संगणक तो मिनिटांत ब्रेलमध्ये बदलतो. पण मराठी छपाईच्या धंद्यात वर्षानुवर्षं श्रीलिपीसारखे जुने फाँट चालत आले. त्यातून तयार झालेली पीडीएफ डोळ्यांना सुबक दिसते, पण संगणकाच्या लेखी ती नुसती चिन्हांची भेळ असते. मग सगळा मजकूर पुन्हा टंकायचा, ब्रेल जाणणाऱ्याकडून तपासून घ्यायचा. त्यानंतर तक्ते, आलेख, भूमितीच्या आकृत्या. गोदावरीचं खोरं दाखवणारा नकाशा बोटांना समजेल असा करणं हे ठिपके टोचणाऱ्या यंत्राचं काम नाही. त्यासाठी उठावाचा साचा लागतो आणि तो करणारं माणूस लागतं.

या सगळ्याला पैसा लागतो, आणि तो अजिबात नाही असंही नाही. समग्र शिक्षा योजनेत प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपये धरलेले आहेत. मुलींना वेगळा भत्ता मिळतो, महिना २०० रुपये, दहा महिने. मात्र या साडेतीन हजारांत केवळ पुस्तक बसवायचं नसतं. साधनं, शिबिरं, प्रवास, मदतनीस, सगळं त्यातूनच भागवायचं. एका ब्रेल टंकयंत्राची किंमतच या रकमेच्या कितीतरी पट असते. साधनं वाटणारी केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ पासून आहे. ब्रेल छापखाने उभारायला आणि सुधारायला केंद्रानं २०१४ मध्ये योजना आणली. राज्यानं २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. घोषणा ऐकायला चांगली होती, पण पुस्तकाचं कोडं त्यानं आणखी गुंतलं. बालभारती शालेय शिक्षण विभागाची, अंधशाळा दिव्यांग कल्याण विभागाच्या आणि समग्र शिक्षेचा पैसा प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत येणार. फाईल कोणत्या टेबलावर थांबली हे शोधायलाच डोळस माणूस लागतो.

जी पोकळी राहते ती संस्था भरून काढतात, आणि हे उपकार नाशिकनं जवळून पाहिलेले आहेत. ‘नॅब’च्या महाराष्ट्र शाखेचं संकुल इथेच सातपूरला आहे. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये सुरू केलं ते सरकारी कृपेवर नव्हे, हिमतीवर. पण दानावर चाललेल्या कामाला दात्याची आवड सांभाळावी लागते. लॅपटॉप वाटपाला पाहुणे मिळतात, पांढऱ्या काठ्यांच्या कार्यक्रमाला हारतुरे येतात. सातवीच्या गणिताच्या पुस्तकाची सुधारित ब्रेल आवृत्ती काढायला मात्र कोणी चटकन चेक फाडत नाही, कारण तिच्यासोबत फोटो काय काढणार? अभ्यासक्रम बदलला की जुने खंड रद्दीत जातात आणि दाता पुन्हा शोधायचा. राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२५-२६ मध्ये पहिलीची नवी पुस्तकं आली, पुढच्या इयत्तांचीही येतील. म्हणजे काही वर्षं हाच धंदा सुरू राहणार.

अमेरिकेनं हा गुंता दोन टप्प्यांत सोडवला. अंधांसाठीच्या लुइव्हिल इथल्या छापखान्याला तिथली संसद १८७९ पासून दरवर्षी पैसे देते आणि नोंदणी झालेल्या अंध विद्यार्थ्यांच्या संख्येप्रमाणे प्रत्येक राज्याचा वाटा त्यात ठरतो. २००४ च्या कायद्यानं दुसरी गोष्ट केली. शालेय पुस्तकांच्या प्रकाशकांनी ठरलेल्या साच्यातली डिजिटल फाईल राष्ट्रीय भांडारात जमा करायची. तिथे प्रकाशक शेकड्यांनी आहेत, म्हणून कायदा करावा लागला. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या बहुतेक शालेय पुस्तकांची प्रकाशक एकच आहे आणि ती सरकारचीच आहे. बालभारतीनं छपाईला फाईल पाठवली त्याच दिवशी युनिकोड प्रत ब्रेलसाठी पाठवायची, हे एका परिपत्रकाचं काम आहे.

छापायचं कुठे, याचं उत्तर नाशिक रोडकडून शहरात जाताना वाटेतच मिळतं. गांधीनगरला भारत सरकारचं मुद्रणालय आहे. केंद्रानं २०१७ मध्ये आपल्या सतरा छापखान्यांचं विलीनीकरण करून पाचच ठेवायचं ठरवलं, त्या पाचांत नाशिकचा टिकला. छपाईचे जाणकार कामगार, जागा आणि रेल्वे ही तीनही इथे एकत्र आहेत. इथे ब्रेलचा एक कायमचा विभाग उघडावा, राज्यानं दरवर्षी इयत्तावार मागणी नोंदवावी आणि पैसे पाठ्यपुस्तकांच्याच लेखाशीर्षातून द्यावेत. दिव्यांग कल्याणाच्या तुटपुंज्या तरतुदीतून नकोत. मुलं मोजकी, मग एवढा खर्च कशाला, असं विचारणारे भेटतीलच. पुस्तक मोफत देताना डोळस मुलांचीही माणशी किंमत कोणी पाहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक तगडा आहे. हातोहाती मोबाईल आहे, तो वाचून दाखवतो, केंद्राचं ‘सुगम्य पुस्तकालय’ २०१६ पासून ऑनलाइन आहे, मग ब्रेल कशाला? पदवीच्या विद्यार्थ्याला हे बऱ्याच अंशी लागू पडतं. दुसरीतल्या मुलीला नाही. ऐकून गोष्ट कळते, पण ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक बोटांखाली आल्याशिवाय पक्का होत नाही. अपूर्णांकांची वजाबाकी ऐकून करून पाहावी, म्हणजे कळेल. ब्रेल पाटीवर ही मुलं उजवीकडून डावीकडे टोचतात, कागद उलटवून डावीकडून वाचतात. प्रत्येक अक्षराचा आरसा डोक्यात ठेवणाऱ्या मुलांना नुसतं श्रोता करून ठेवायचं, हे काही स्वस्त तंत्रज्ञानाचं यश म्हणता येणार नाही. मोबाईल हवाच, त्याच फाईलमधून तोही वाचू शकेल. दोन्हींची गुरुकिल्ली एकच, ती युनिकोड प्रत.

कायद्यातली एक फट मात्र फाईल सुधारून बुजणार नाही. मोफत पुस्तकाचा हक्क अठराव्या वर्षी संपतो. अंध मूल शाळेत उशिरा पोचतं, कारण गावात कोणाला ठाऊक नसतं, घरी धास्ती असते, वसतिगृह लांब असतं. आठव्या वर्षी पहिलीत बसलेली मुलगी अकरावीच्या वर्गात अठरा वर्षांची होते. म्हणजे बारावीची परीक्षा समोर असताना कलम १७ तिच्यापुरतं संपलेलं असतं. तिची पुस्तकं तरी बारावी होईपर्यंत, वयाचा दाखला न मागता मिळावीत, एवढी तरतूद राज्याला स्वतःच्या आदेशानं करता येईल.