एडीएचडी आणि हेडफोन: खरेदीपूर्वी काय पाहावे?

एडीएचडी असलेल्या अनेकांचे लक्ष पंख्याची घरघर किंवा शेजारच्या गप्पांनीही चटकन उडते. त्यांना हेडफोनचा आधार वाटतो. पण केवळ ‘नॉइज कॅन्सलिंग’ हा शब्द वाचून पैसे मोजू नयेत. हे तंत्र बाहेरच्या ध्वनिलहरींच्या नेमक्या उलट लहरी तयार करते. त्यामुळे इंजिन, एसी यांचा एकसुरी आवाज बराच घटतो, माणसांचे बोलणे मात्र तितके नाही. ते अडवायला कान पूर्ण झाकणारी गादी किंवा कानात घट्ट बसणारे रबरी टोक लागते.

दाब, घाम, वजन खुपू लागले, तर हेडफोनच लक्ष विचलित करतो. म्हणून तो थोडा वेळ घालून पाहावा, परत करण्याची सोय विचारावी. लोकलमध्ये उद्घोषणा ऐकू येण्यासाठी ‘ट्रान्सपरन्सी मोड’ हवा. रस्ता ओलांडताना तर हेडफोन काढलेलाच बरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी 80 डेसिबलची मर्यादा आठवड्याला 40 तास आहे.

हेडफोन म्हणजे उपचार नव्हे. त्यासाठी डॉक्टरच हवेत. मात्र हेडफोन लावून काम करणाऱ्याला कार्यालयाने उद्धट ठरवू नये. त्याच्यासाठी ती चैन नसून गरज असू शकते.