नांगराखालचा वायकिंग वाडा

नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे, लोफोटेन बेटांवर बोर्ग हे ठिकाण आहे. १९८१ मध्ये तिथल्या एका शेतात नांगरणी सुरू असताना मातीबरोबर काचेचे आणि खापरांचे तुकडे वर आले. १९८३ ते १९८९ या काळात तिथे उत्खनन झाले आणि तब्बल ८३ मीटर लांबीचा सरदाराचा वाडा उजेडात आला. वायकिंग काळातील आजवर सापडलेल्या सर्वांत लांब घरांमध्ये त्याची गणना होते.

‘वाडा सापडला’ म्हटल्यावर भिंती-छप्पर डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात उरले होते ते मुख्यतः मातीतले डाग. लाकडी खांब कुजला की त्याच्या खड्ड्यात वेगळ्या रंगाची माती भरते. असे खड्डे कागदावर मांडले की घराचा आराखडा दिसू लागतो. सोन्याच्या पत्र्यावर उमटवलेल्या चिमुकल्या आकृती इथे मिळाल्या. त्या संग्रहालयात ठेवता येतात. डाग उचलून ठेवता येत नाहीत. फाळ थोडा खोल गेला, की तो पुरावा कायमचा पुसला जातो.

‘जमिनीत आहे ते जमिनीतच राहू द्या, पुढच्या पिढ्या अधिक चांगली साधने घेऊन येतील,’ असे पुरातत्त्वात मानले जाते. त्यात तथ्य आहे. उत्खनन हाही एक प्रकारचा विध्वंसच. खणून काढलेला थर पुन्हा रचता येत नाही. पण हे तत्त्व डोळे झाकून पाळणेही महागात पडू शकते. दक्षिण नॉर्वेतील येलेस्ताद येथे २०१८ मध्ये भूवेधी रडारने शेताखाली दफन केलेले जहाज आणि लांब घरांच्या खुणा दाखवल्या. तपासणीत जहाजाच्या लाकडाला बुरशीने ग्रासल्याचे आढळले आणि २०२० मध्ये उत्खनन हाती घ्यावे लागले. कोणी हात लावला नाही, तरी वारसा संपतच होता.

नॉर्वेत १५३७ पूर्वीच्या अवशेषांना कायद्याने आपोआप संरक्षण मिळते. मात्र कायदा फावडे थांबवतो. बुरशी आणि बदलती ओल थांबवत नाही. म्हणून पैसा आधी रडार सर्वेक्षणावर आणि मातीच्या नियमित तपासणीवर खर्च व्हायला हवा. सुस्थितीतील अवशेष खुशाल जमिनीत राहू द्यावेत. जे झिजत आहेत, ते मात्र वेळेत खणावेत. नाहीतर पुढच्या पिढ्यांकडे उत्तम साधने असतील आणि शोधायला काहीच नसेल.