शर्यतीतील समतोल आणि आरक्षणाचा प्रश्न

विस्कॉन्सिन राज्यातील एल्कहार्ट लेक या लहानशा गावाजवळ ‘रोड अमेरिका’ नावाचा मोटारशर्यतीचा मार्ग आहे. १९५५ साली सुरू झालेला, चार मैलांहून किंचित अधिक लांबीचा, चौदा वळणांचा. नेपरव्हिलहून मोटारीने सुमारे तीन तास लागतात. मुलांच्या आग्रहाखातर गेले काही उन्हाळे मी तेथे जात आलो आहे. शर्यतीतले मला फार कळते असा दावा नाही. परंतु तेथे ऐकलेल्या एका वाक्याने आपल्या एका जुन्या प्रश्नाचा नव्याने विचार करावयास लावले, म्हणून हा लेखनप्रपंच.

या शर्यतीत ‘जीटीडी’ नावाचा एक वर्ग असतो. त्यात पोर्शे, कॉर्व्हेट, फेरारी, बीएमडब्ल्यू अशा भिन्न कुळांच्या गाड्या एकत्र धावतात. पोर्शेचे इंजिन मागे, कॉर्व्हेटचे आठ सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या पाठीशी, बीएमडब्ल्यूचे सहा सिलिंडरांचे टर्बो इंजिन पुढे. कोणी सरळ रस्त्यावर पळते, तर कोणी वळणावर. आहे तशा सोडल्या, तर वर्षभर एकच गाडी जिंकेल आणि उरलेल्या कंपन्या घरी जातील. म्हणून आयोजक संस्था प्रत्येक गाडीसाठी वेगळे मोजमाप ठरवून देते. हिचे किमान वजन इतके, तिच्या टर्बोचा दाब इतका, इंधनाची टाकी एवढी. इंजिनात हवा जाण्याच्या मार्गात ‘रिस्ट्रिक्टर’ नावाचे अरुंद तोंडाचे कडे बसविले जाते. हवा कमी, म्हणजे ज्वलन कमी, म्हणजे शक्ती कमी. हृदयाची महाधमनीची झडप अरुंद झालेला रुग्ण ज्याने तपासला आहे, त्याला हे कडे समजावून सांगावे लागत नाही. या साऱ्या व्यवस्थेला ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’, म्हणजे कामगिरीचा समतोल म्हणतात. २००६ साली युरोपात ‘जीटी-३’ गाड्यांची मालिका सुरू झाली, तेव्हापासून ही पद्धत जगभर रुजली.

कल्पना अगदीच नवी नाही. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर सरस घोड्याच्या पाठीवर शिसे लादून त्याला इतरांच्या बरोबरीला आणण्याची पद्धत फार जुनी आहे. आपल्याकडील बैलगाडा शर्यतीतही बैलांचे दात पाहून गट पाडतात.

तर त्या दिवशी दुपारचे डबे उघडून आम्ही बसलो असता, आमच्याबरोबर आलेले एक मराठी गृहस्थ हसत हसत म्हणाले, “म्हणजे डॉक्टर, इथेही तुमचा कोटा आलाच की!” गृहस्थ सज्जन आहेत. गणपतीला आम्हाला अगत्याने बोलावतात. वाक्यात विष नव्हते. पण ‘तुमचा’ हा शब्द होता. आमची मुले जवळच बसली होती. ती काही बोलली नाहीत. त्यांचे ते न बोलणे मला त्या वाक्यापेक्षा अधिक लागले.

त्या क्षणी मला सुचलेले उत्तर सोपे होते. होय, शर्यतवाल्यांनाही उमगले आहे की सर्वांना एका रेषेवर उभे करणे म्हणजे न्याय नव्हे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ४ जून १९६५ रोजी हॉवर्ड विद्यापीठात हाच दृष्टान्त दिला होता. वर्षानुवर्षे बेड्यांनी जखडलेल्या माणसाला मोकळे करून आरंभरेषेवर आणावे व आता स्पर्धा कर म्हणावे, यात न्याय कोठला, असा त्यांचा आशय होता. हे उत्तर मी दिले. गृहस्थांनी मान डोलावली. परतताना गाडी चालवीत असता मात्र मला वाटू लागले की मी घाईत चुकीचे उत्तर देऊन आलो.

कारण ‘कामगिरीचा समतोल’ आणि आरक्षण या एका जातीच्या वस्तू नाहीतच. शर्यतीतला समतोल वेगवानाला मंद करतो. जपानच्या सुपर जीटी मालिकेत तर जिंकणाऱ्या गाडीवर पुढच्या शर्यतीसाठी वजन चढवितात. निकाल चुरशीचा व्हावा, प्रेक्षक खिळून राहावेत व कंपन्या टिकाव्यात, हा त्यामागील हेतू. आरक्षणाने कोणाच्या पाठीवर शिसे ठेवले? कोणाच्या उत्तरपत्रिकेतील गुण कापले? वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्याची प्रवेशाची गुणरेषा खाली असते, हे खरे आहे व ते लपविण्याचे कारण नाही. परंतु आत गेल्यावर शवविच्छेदनाचे टेबल तेच, परीक्षक तेच, उत्तीर्ण होण्याचे गुणही तेच. रुग्णाची नाडी जात पाहून मंद वा जलद होत नाही. आरक्षण दरवाजापाशी आहे, अंतिम रेषेपाशी नाही. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनीही समान संधीचे तत्त्व आणि वर्षानुवर्षे प्रशासनाबाहेर ठेवलेल्यांचा प्रवेश, या दोहोंचा मेळ घालताना राखीव जागा अल्पसंख्य असाव्यात असेच सांगितले होते.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. पोर्शेचे इंजिन मागे आहे, ते तिच्या अभियंत्यांनी ठेवले म्हणून. आमचे इंजिन कमी शक्तीचे होते, असे कोणी सिद्ध केले? आम्हाला मार्गावरच येऊ दिले नव्हते. हा दृष्टान्त स्वीकारला की आपण नकळत मान्य करतो की आपली गाडी मुळात दुबळी. आपल्या मुलांच्या मनात नेमके हेच रुजू द्यावयाचे नाही.

शर्यतीच्याच जगातून उदाहरण हवे असेल, तर ते वेंडेल स्कॉट यांचे घ्यावे. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे या कृष्णवर्णीय चालकाने नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेतील शर्यत जिंकली. विजयाचा चौकडीचा झेंडा मात्र त्यांना दाखविला गेला नाही. बक बेकर या गोऱ्या चालकाला विजयी घोषित केले गेले. काही तासांनी, प्रेक्षक निघून गेल्यावर, आयोजकांनी स्कॉट हेच विजेते असल्याचे मान्य केले. विजयचिन्ह त्यांना हयातीत मिळालेच नाही. १९९० साली ते वारले. त्यांच्या कुटुंबाच्या हाती ते २०२१ साली पडले. त्यांची गाडी मंद नव्हती. त्यांच्या फेऱ्या मोजणारे हात आंधळे होते.

आपल्याकडे पालवणकर बाळू यांचे तेच झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या चर्मकार समाजातील गोलंदाजाने ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. (१९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले, हेही आपण मुलांना सांगावे, त्याने त्यांचे ११४ बळी कमी होत नाहीत.)

तरीही त्या शर्यतीकडून घेण्यासारखे एक आहे, ते म्हणजे मोजणे. तेथे गाडीवर यंत्रे बसवून शक्ती व वेग नोंदविला जातो, आणि कोणाला किती वजन द्यावयाचे त्याचे कोष्टक प्रसिद्ध होते. तक्रारी तरीही होतातच. २०२३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीपूर्वी, सलग पाच वर्षे जिंकलेल्या टोयोटावर ३७ किलो व फेरारीवर २४ किलो वजन वाढविले गेले, आणि फेरारी जिंकली. टोयोटाच्या गोटात नाराजी पसरली, यात नवल नाही. पण ती आकड्यांबद्दलची नाराजी होती. आपल्या देशात १९३१ नंतर सर्व जातींच्या गणनेचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. आता येत्या जनगणनेत ती करण्याचा निर्णय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. इतकी दशके आकड्यांविनाच गुणवत्तेचा वाद घालण्यात आला. आपल्या बौद्धांच्या वाट्याला तर त्याहून विचित्र प्रकार आला. १९५६ साली धम्मदीक्षा घेतलेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींसाठी १९९० च्या कायद्याची वाट पाहावी लागली. जणू गाडीला नवा रंग दिला म्हणून कोष्टकातून तिचे नावच खोडले!

आता थोडे आपल्याबद्दल. शर्यतीत काही संघ चाचणीच्या वेळी मुद्दाम हळू धावतात, म्हणजे वजन कमी मिळते. पकडले गेल्यास शिक्षा होते. नेपरव्हिलसारख्या उपनगरात, उत्तम शाळांत वाढलेली आमची मुले हळू धावणारी नाहीत, आणि आम्ही त्यांच्या वतीने हळू धावण्याचे सोंग करू नये, असे माझे मत आहे. काही मित्रांना ते रुचणार नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक मतांनी अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणास मान्यता दिली, तेव्हापासून आपल्या बैठकांत यावर कडाक्याचे वाद झाले आहेत. ज्यांच्या घरी अद्याप पहिला पदवीधर झालेला नाही, त्यांची चिंता रास्त आहे. पण कोण पुढे गेले, हे ठरविण्याचा अधिकार प्रतिस्पर्ध्याच्या गोटातून आलेल्या तक्रारीला देता येणार नाही; तो मापाचा आहे.

आणि मापे सर्वांना लावावीत. या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत मोडीत काढली. परंतु माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप त्या निकालाने गेले नाही. आपल्या इलिनॉय राज्याने सार्वजनिक विद्यापीठांपुरते ते २०२४ मध्ये कायद्याने बंद केले. त्या कोट्याला ‘कोटा’ म्हणून कोणी हसल्याचे मी ऐकलेले नाही.

त्या गृहस्थांना मी नंतर दूरध्वनी केला व स्कॉट यांची हकिकत सांगितली. त्यांना ती माहीत नव्हती. माझ्या मुलांनाही नव्हती. पुढील उन्हाळ्यात ज्या कुटुंबांना मुलांसह एल्कहार्ट लेकला यावयाचे असेल, त्यांनी कळवावे. माझ्या गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत, आणि जाताना तीन तास बोलावयास मिळतात.