निर्जन किनारा, हैदराबादचा पर्यटक आणि न पोहोचणारा इशारा

सिकंदराबाद ते वास्को ही आठवड्यातून दोनदा धावणारी एक्स्प्रेस ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि हैदराबादकरांना गोवा आणखी जवळचा झाला. त्या महानगराला समुद्र नाही. बापटलाजवळचा सूर्यलंका किनारा हा त्यांना त्यातल्या त्यात जवळचा, पण तोही तीनशे किलोमीटरांहून दूर. त्यामुळे समुद्र म्हणजे गोवा किंवा त्याच्या दक्षिणेचे गोकर्ण, हे समीकरण तिथल्या तरुण नोकरदारांत रुळले आहे. वर्षाला एक कोटीहून अधिक पर्यटक झेलणाऱ्या गोव्यात आता कळंगुट-बागा नको, गर्दी नसलेला किनारा हवा, अशी मागणी वाढते आहे. काणकोणातील बटरफ्लाय बीच, काब द रामच्या कड्याखालची वाळू, गोकर्णचे हाफ मून आणि पॅराडाइज ही नावे त्यातूनच पुढे आली. निघण्यापूर्वी प्रत्येक जण एक प्रश्न विचारतो : तो किनारा सुरक्षित आहे का?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा तिथे जाऊन सुखरूप परतलेल्यांकडून मिळते. ‘आम्ही गेलो होतो, काही झाले नाही’ ही साक्ष खरी असते, पण ती अपुरी असते. जो बुडाला तो अभिप्राय लिहीत नाही. शिवाय डिसेंबरातील शांत सकाळी गेलेल्याचा अनुभव मे अखेरच्या दुपारी जाणाऱ्याला निरुपयोगी असतो. किनारा तोच, नाव तेच, छायाचित्रही तेच. समुद्र मात्र वेगळा.

आकडेवारीनेही इथे फारशी मदत होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मृत्युमुखी पडली. परंतु या नोंदींची वर्गवारी होडी उलटणे, पाण्यात पडणे आणि इतर अशी आहे. समुद्रकिनारा असा स्वतंत्र रकाना तिच्यात नाही. मग एखाद्या विशिष्ट किनाऱ्याची नोंद कुठून मिळणार? यातून एक विचित्र उलटापालट होते. जिथे जीवरक्षक आहेत तिथे प्रत्येक बचावाची नोंद होते, तिची बातमी होते आणि तो किनारा धोकादायक वाटू लागतो. जिथे कोणीच नाही तिथे नोंदही नाही, बातमीही नाही. त्या शांततेलाच लोक सुरक्षितता समजतात. कळंगुटला आठवड्यात दहा जणांना पाण्यातून बाहेर काढले, तर त्याचा अर्थ दहा जण वाचले असाही होतो. निर्जन खाडीत तेवढेच लोक तेवढ्याच ओढीत सापडले असते, तर किती वाचले असते, याचा हिशेब कोणाकडेच नाही.

भारताच्या समुद्राचा अंदाज बांधणारी राष्ट्रीय संस्था हैदराबादेतच आहे, हा या विषयातला सर्वांत मोठा योगायोग. शहराच्या वायव्येला प्रगतीनगर-निजामपेठ भागात भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे ‘इन्कॉइस’, आहे. १९९९ साली ते स्थापन झाले. २००४ च्या त्सुनामीनंतर पूर्वसूचना केंद्र उभारण्यासाठी याच जागेची निवड झाली आणि ऑक्टोबर २००७ पासून ते अहोरात्र चालू आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, दख्खनच्या पठारावर बसून ही मंडळी लाटांची उंची, दोन लाटांमधील अवधी, प्रवाह आणि उधाण यांचे अंदाज वर्तवतात. दूरच्या वादळातून उठलेल्या लाटांच्या फुगीसाठी २०२० पासून स्वतंत्र पूर्वसूचना प्रणालीही आहे.

या फुगीला मल्याळममध्ये ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. केरळच्या मच्छीमारांचा हा शब्द युनेस्कोने २०१२ मध्ये शास्त्रीय परिभाषेत स्वीकारला. नाव अचूक आहे. किनाऱ्यावर वारा नसतो, आकाश निरभ्र असते, पावसाचा मागमूस नसतो. आणि हजारो किलोमीटरांवरच्या वादळाने उठवलेल्या लाटा काही दिवसांचा प्रवास करून न सांगता वाळूवर चढतात. या लाटांमधील अंतर मोठे असते. त्यामुळे काही मिनिटे समुद्र अगदी निवांत दिसतो, लोक गुडघाभर पाण्यात उतरतात आणि मग मोठ्या लाटांचा एक जथा एकामागून एक येतो. हवामान पाहून समुद्राचा अदमास घेणाऱ्याची फसगत इथेच होते.

मे २०२४ मध्ये हेच घडले. एप्रिलच्या अखेरीस दक्षिण अटलांटिक महासागरात, भारतीय किनाऱ्यापासून सुमारे १० हजार किलोमीटरांवर उठलेल्या लाटा हिंदी महासागरात शिरल्या. इन्कॉइसने त्यांचा माग काढून केरळ आणि दक्षिण तामिळनाडूच्या किनाऱ्यांसाठी इशारा दिला. तो चुकला नाही. तरीही ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यातील लेमुर बीचवर वैद्यकीय महाविद्यालयाचे पाच विद्यार्थी बुडाले. मित्राकडील लग्नाला आलेली ही मुले समुद्र पाहायला गेली होती. किनारा बंद ठेवण्यात आला होता आणि मुले नारळाच्या बागेतून तिथे पोहोचली, असे तेव्हा सांगण्यात आले. डॉक्टर होऊ घातलेल्या त्या मुलांना बेपर्वा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण निरभ्र आकाशाखाली ‘बंद’ या शब्दाचा अर्थ काय, हे त्यांना त्या क्षणी कोणी समजावले होते?

इशारा असणे आणि तो पोहोचणे यातील दरी हैदराबादने याआधीही भोगली आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात छायाचित्रे काढत उभे असलेले २४ विद्यार्थी आणि सहलीचा एक समन्वयक लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. हे विद्यार्थी ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे होते, ते इन्कॉइसच्याच परिसरातले. नदी आणि समुद्र यांचे शास्त्र वेगळे असले तरी फसवणुकीची रीत एक : कोरडे, शांत, सुंदर पात्र आणि दूर कुठेतरी सुटलेले पाणी. त्या प्रकरणी हिमाचल उच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला २० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. नदीच्या पाण्यामागे निदान एक मंडळ आणि एक धरण होते. चोर समुद्राच्या बाबतीत न्यायालयात उभे करायला कोणी नसते.

गोव्याच्या निर्जन किनाऱ्यांचा धोका केवळ दुर्गमतेत नाही, त्यांच्या घडणीतही आहे. लाटा सतत पाणी किनाऱ्याकडे ढकलतात आणि ते पाणी परतण्यासाठी अरुंद वाट शोधते. हाच परतीचा प्रवाह माणसाला आत ओढून नेतो. जोर चढला की तो सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. या वेगाशी ऑलिम्पिकचा जलतरणपटूही फार काळ झगडू शकत नाही. लांबलचक सरळ किनाऱ्यावर अशा वाटा जागा बदलतात. मात्र दोन कड्यांच्या मधल्या लहानशा खाडीत, बटरफ्लाय बीचसारख्या ठिकाणी, परतणारे पाणी बहुतेक वेळा खडकांच्या कडेनेच निघते. आणि खडकांच्या कडेलाच लाटा कमी फुटताना दिसतात. नवखा माणूस तीच ‘शांत’ जागा पोहण्यासाठी निवडतो. पांढरा फेस जिथे दिसतो तिथे उथळ, जिथे पाणी गडद आणि गुळगुळीत दिसते तिथे ओढ, हा नियम समुद्राकाठी वाढलेल्या पोराला शिकवावा लागत नाही. हैदराबादेत, माधापूरच्या सदनिकेत वाढलेल्याला तो कोण शिकवणार? ओढीत सापडल्यावर किनाऱ्याकडे झुंजत न जाता किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे किंवा अंग सैल सोडून तरंगत राहावे, हेही त्याला ठाऊक नसते. खाडीत तर समांतर पोहायलाही एका बाजूला खडकच असतो.

यात भरतीची भर पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात कड्याखालची वाळूची पट्टी नाहीशी होते आणि सकाळी चालत आलेली वाट दुपारी पाण्याखाली जाते. बुडण्याच्या काही घटना पोहणाऱ्यांच्या नसतातच; परतीसाठी खडकांवरून चालणाऱ्यांच्या असतात.

राज्यातील जीवरक्षक सेवा २००८ पासून दृष्टी मरीनकडे आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांमधला पट्टा पोहण्यासाठी, निव्वळ लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरू नये, ही पद्धत गर्दीच्या किनाऱ्यांवर चांगली रुजली आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण ही व्यवस्था गर्दीच्या मागे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. प्रत्येक खाडीत मनोरा उभा करणे परवडणारे नाही. प्रश्न असा की, सरकारी आणि खासगी प्रचार जेव्हा ‘अनवट गोवा’ विकतो, तेव्हा तिथे मनोरा नाही हे तो सांगतो का? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारा रापणकार नारळी पौर्णिमेपर्यंत होडी वर ओढून ठेवतो. नेमक्या त्याच दिवसांत पावसाळी सवलतीची जाहिरात पाहून आलेला पर्यटक लाटांत उतरतो, हा विरोधाभास आता कोणाला खटकतही नाही.

पाण्यातून बाहेर काढल्यानंतरचा हिशेब मिनिटांचा असतो. श्वास थांबला की मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा होऊ लागते. १०८ ची रुग्णवाहिका सेवा २००५ साली हैदराबादेतच सुरू झाली आणि तीन वर्षांत गोव्यात आली. तिचे जाळे राज्यात उत्तम आहे. तरी ज्या खाडीत होडीने किंवा जंगलवाटेने जावे लागते, तिथे ती पोहोचणार कशी? मोबाइलला रेंज नसेल तर तिला बोलावणार कसे? काणकोणच्या टोकाहून मडगावचे जिल्हा इस्पितळ गाठायला तासाच्या आसपास लागतो, बांबोळीचे गोमेकॉ त्याहून दूर. म्हणजे अशा जागी सोबतच्या माणसाला छाती दाबून कृत्रिम श्वास देणे येते की नाही, यावरच सारे अवलंबून राहते. निर्जन किनाऱ्याविषयी विचारायचा पहिला प्रश्न लाटांचा नाही, हाच आहे. होडीने जायचे असेल तर दुसरा प्रश्न जीवरक्षक जॅकेटचा. २५ डिसेंबर २०२४ रोजी कळंगुटला पर्यटकांची होडी उलटून एकाचा मृत्यू झाला. तो भर गर्दीचा किनारा होता, म्हणून बाकीचे वाचले.

माणसांकडून होणारा धोका वेगळा मोजावा लागतो. मार्च २०१७ मध्ये काणकोणात एका तरुण विदेशी पर्यटक मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली. आरोपीला जन्मठेप व्हायला फेब्रुवारी २०२५ उजाडले. अशा घटना दुर्मीळ आहेत, आणि दुर्मीळ असल्यामुळेच त्यांची भीती मोठी असते. समुद्राची भीती मात्र लहान असते, कारण बुडणे ही ‘दुर्दैवी घटना’ ठरते. वास्तविक निर्जन किनाऱ्यावर जाणाऱ्या सामान्य कुटुंबाला या दोहोंपैकी समुद्राचाच धोका अधिक आहे.

मग काही मानांकन आहे का? ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र ३३ निकषांवर मिळते. त्यात पाण्याच्या शुद्धतेसोबत जीवरक्षक आणि प्रथमोपचाराचाही विचार होतो. उत्तर कन्नडमधील कासरकोडला ते २०२० मध्ये मिळाले. परंतु जिथे शौचालय, मनोरा आणि रस्ता आहे अशाच किनाऱ्याला ते मिळू शकते. ज्या जागेबद्दल प्रश्न पडतो ती जागा या परीक्षेला बसतच नाही.

दुर्घटनेनंतर यंत्रणा दोनच गोष्टी करते, किनारा बंद करणे आणि दोषी शोधणे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडला पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हा सहलींच्या नियमांची चर्चा झाली. डिसेंबर २०२४ मध्ये मुरुडेश्वरला कोलार जिल्ह्यातील निवासी शाळेच्या चार मुली बुडाल्या, तेव्हा शिक्षकांना अटक झाली. शिक्षकांची जबाबदारी होतीच. पण कोलारही समुद्रापासून दूरच, आणि मुलींइतकाच समुद्र त्या शिक्षकांनाही अपरिचित असणार. जमिनीवरच्या माणसाला लाट वाचता येत नाही, हे गृहीत धरून व्यवस्था आखायला हवी.

इन्कॉइसचा अंदाज मच्छीमार आणि आपत्ती व्यवस्थापन यांच्यासाठी लिहिलेला असतो : लाटांची उंची मीटरमध्ये, अवधी सेकंदांत, किनाऱ्याचा पट्टा अमुक ते तमुक. रापणकाराला तो कळतो. पाळोळ्याहून होडीने बटरफ्लायला निघालेल्या कुटुंबाला तो कळत नाही, आणि बहुतेकदा दिसतही नाही. त्याचे भाषांतर करून तो जंगलवाटेच्या तोंडाशी, होडीच्या तिकीट खिडकीवर आणि ‘होम स्टे’च्या भिंतीवर मराठी, कोकणी, इंग्रजी आणि तेलुगूत रोज लावायला मनोऱ्याइतका खर्च येत नाही. ‘येथे जीवरक्षक नाही’ एवढी पाटी तर त्याहून स्वस्त. ती न लावण्यामागे पर्यटक घाबरतील ही धास्ती असते, असे किनाऱ्यावरचे व्यावसायिक खासगीत कबूल करतात. ओडिशात याउलट घडले आहे. इन्कॉइसच्या मार्गदर्शनाखाली तिथल्या दोन गावांना २०२० मध्ये युनेस्कोकडून ‘त्सुनामी सज्ज’ अशी मान्यता मिळाली आणि पुढे आणखी गावे त्यात आली. नकाशे, फलक, सुटकेच्या वाटा आणि सराव हे सारे ग्रामस्थांच्या सहभागातून झाले. किनारपट्टीच्या पंचायतींना पर्यटनासाठी असा प्रयोग करता येईल. काणकोण तालुक्यातील पाळोळे ते पोळे हा पट्टा त्याच्या सुरुवातीसाठी सोयीचा आहे, कारण तिथे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे तज्ज्ञ दोन तासांत पोहोचू शकतात आणि समुद्र ओळखणारे होडीवाले आधीपासूनच आहेत.