फॉरमॅटच्या आधी

घरचा डेस्कटॉप मधेच बंद पडतो किंवा आपोआप रिस्टार्ट मारतो, अशी तक्रार आली की आपल्यातले बहुतेक जण काय करतात हे वाचकांना ठाऊक आहे. डाटा बाहेरच्या हार्डडिस्कवर काढायचा, फॉरमॅट मारायचा, विंडोज नव्याने टाकायची, ड्रायव्हर चढवायचे आणि मशीन परत द्यायचे. आठवडाभर ठीक चालते, मग पुन्हा फोन येतो. दुसऱ्या खेपेला रॅम बदलली जाते, तिसऱ्या खेपेला एसएमपीएस. ग्राहकाचा पैसा आणि आपला वेळ जातो हे तर खरेच. पण सगळ्यात मोठे नुकसान पहिल्याच दिवशी झालेले असते. बिघाडाचा जो काही पुरावा त्या मशीनमध्ये होता, तो फॉरमॅटमध्ये पुसला गेलेला असतो.

विंडोज निळा स्क्रीन देऊन कोसळते तेव्हा बहुतेक वेळा एक छोटी फाइल लिहून ठेवते. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात मिनीडंप नावाच्या जागी या फाइली साठतात. त्या वाचायला मायक्रोसॉफ्टचे विनडीबीजी हे साधन फुकट मिळते आणि सुरुवातीपुरती त्याची एकच आज्ञा शिकावी लागते. तरीही जॉब कार्डवर स्टॉप कोड लिहिलेला क्वचितच दिसतो. ‘हँग होतो’ एवढेच लिहिलेले असते.

एका डंपवरून निकाल देऊ नये, हे मात्र आग्रहाने सांगायला हवे. चार-पाच डंप शेजारी ठेवून पाहावेत. प्रत्येक वेळी एकाच ड्रायव्हरचे नाव येत असेल, तर आधी तो ड्रायव्हर आणि त्याच्या मागचे हार्डवेअर तपासावे. नावे दर वेळी बदलत असतील, म्हणजे एकदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, एकदा अँटिव्हायरस, एकदा खुद्द विंडोजचा गाभा, आणि कोडही वेगवेगळे असतील, तर सॉफ्टवेअरवरचा संशय कमी करून रॅम आणि प्रोसेसरकडे वळावे. डंपच सापडले नाहीत, तर क्लीनर प्रकारचे सॉफ्टवेअर ते पुसते आहे का आणि पेजफाइल बंद केली आहे का, हे बघावे. पेजफाइल नसेल तर डंप लिहिलाच जात नाही. आपोआप रिस्टार्ट होण्याची सेटिंगही काढून ठेवावी, म्हणजे निळ्या स्क्रीनवरचा कोड घरच्या माणसाला मोबाइलवर टिपता येईल.

इव्हेंट व्ह्यूअरमधली कर्नल-पॉवर ४१ ही नोंद सर्वात जास्त गैरसमज करून देते. ती दिसली की एसएमपीएस बदलला जातो. वास्तविक ती नोंद एवढेच सांगते की मशीन आधीच्या वेळी नीट शटडाउन झाले नव्हते. तिच्या तपशिलात बगचेक कोड असतो. तो शून्य नसेल, तर विंडोज कोसळली होती आणि शोध त्या कोडपासून सुरू करायचा. तो शून्य असेल, तर वीज गेली असेल, मशीन पूर्ण गोठले असेल किंवा कोणी बटण दाबून धरले असेल. व्हीआ-लॉगरच्या नोंदी असतील तर त्यांना जास्त वजन द्यावे, कारण त्या हार्डवेअरने स्वतः कळवलेल्या चुका असतात.

पुरावा न वाचल्याने किती मोठी वाट चुकते, याचे उदाहरण इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांनी घालून दिले. गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश यायचा, म्हणून ग्राफिक्स कार्डे बदलली गेली. सेटअप उघडताना दाबलेल्या फाइली सुटत नव्हत्या, म्हणून डाउनलोड खराब ठरवले गेले. दोष होता प्रोसेसरात. ठरावीक परिस्थितीत तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, आणि ते व्होल्टेज आणि उष्णता यांनी त्याच्या आतल्या क्लॉकच्या सर्किटची झीज होत होती. इंटेलने जुलै २०२४ मध्ये वाढीव व्होल्टेजचे कारण जाहीर केले आणि ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड दिला. त्यानंतरही सुधारित मायक्रोकोड आले. ते बायॉस अपडेटमधून बसतात. मात्र जो प्रोसेसर आधीच झिजला आहे, तो अपडेटने बरा होत नाही. तो बदलूनच घ्यावा लागतो.

अशी कित्येक मशीन आज आपल्या गावांतल्या घरांत चालू आहेत. बाधित मॉडेलांच्या डबाबंद प्रोसेसरांची वॉरंटी इंटेलने ३ वर्षांवरून ५ वर्षांवर नेली. तेरावी पिढी बाजारात आली ऑक्टोबर २०२२ मध्ये, म्हणजे अगदी सुरुवातीच्या ग्राहकाचीही मुदत २०२७ पर्यंत जाते. ट्रे प्रोसेसर घेतला असेल, तर विकणाऱ्याकडे किंवा मशीन बनवणाऱ्याकडे जावे लागते. ग्राहकाला हे कोणी सांगितलेलेच नसते. ते आपण सांगितले पाहिजे.

रॅमबाबत थोडक्यात. एक्सएमपी चालू असलेली रॅम ही वाढीव वेगावर पळवलेली रॅम असते. चार कांड्या लावल्या की कंट्रोलरवर ताण आणखी वाढतो. मेमटेस्ट८६ आधी आहे त्या सेटिंगवर, मग एक्सएमपी बंद करून चालवावी. एकही चूक आली तरी ती चूकच. खोडरबराने पट्ट्या पुसून मशीन चालू झाले, तर तसे कार्डवर लिहावे; कोकणातल्या दमट हवेत तोच दोष पुन्हा येऊ शकतो. धूळ आणि सुकलेली पेस्ट काढायचीच असते, पण त्याआधी लोडवरचे तापमान टिपून घ्यावे.

विजेकडे मात्र आपण फारच कमी बघतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, आणि तो नवे ग्राफिक्स कार्ड बसवण्यापूर्वीच्या मशीनसाठी घेतलेला असतो. बॅटरी जुनी झाली की क्षणभर वीज गेली तरी मशीन पडते. पाण्याची मोटर किंवा गीझर चालू होण्याची वेळ आणि इव्हेंट व्ह्यूअरमधली वेळ जुळते का, हे घरच्यांना विचारावे. जुन्या इमारतींत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज मोजावे. दुकानात आणलेले मशीन दोन दिवस उत्तम चालते आणि घरी गेले की पडते, तेव्हा दोष बहुधा घरातच असतो. तिथे जाण्याला पर्याय नाही.

हे सगळे करायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे मिळत नाहीत, असे अनेक तंत्रज्ञ आम्हाला सांगतात. तक्रार रास्त आहे. फॉरमॅटचा दर ठरलेला असतो, निदानाचा नसतो. म्हणून तपासणीचा वेगळा दर लावावा, तो आधी सांगावा आणि त्याच्या बदल्यात लेखी निष्कर्ष द्यावा: कोणते कोड आले, कोणत्या चाचण्या केल्या, काय बदलले, काय बदलले नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिची तारीख लिहावी. वॉरंटीचा दावा करताना ग्राहकाच्या हातात बिलाबरोबर हाच कागद असतो.