डोंगरातल्या हायब्रिडला माझा एकच प्रश्न

पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवते म्हटलं की लोक गाडीबद्दल सल्ला मागतातच. सध्या तो बहुतेक एकाच गोष्टीवर येऊन थांबतो: हायब्रिड घ्यावी का? गाडी रोज चांदणी चौकातून हिंजवडीला जाणार असेल तर माझं उत्तर तयार असतं, घ्या. पण विचारणाऱ्याला फोर बाय फोर हवी असेल, डोंगरात न्यायची असेल, तर मी जरा अडखळते. कारण हायब्रिड ज्याच्या जोरावर विकली जाते ते ॲव्हरेज तिथे कुणी मोजत नाही. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या उधेवाडीपर्यंत जी वाट जाते, तिच्यावर भर पावसाळ्यात लिटरला किती पडलं असं विचारणारा मला अजून भेटलेला नाही. चाक कुठल्या दगडावर टाकायचं, ओढ्याला पाणी किती, अंधाराच्या आत परत येता येईल ना, एवढंच तिथे बोललं जातं.

तरीही माझं मत हायब्रिडच्या बाजूचं आहे. फक्त माझं कारण जाहिरातीतलं नाही, आणि माझी एक अट आहे.

कारण टॉर्कचं आहे. मारुतीच्या जिम्नीचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन १३४ न्यूटन मीटर टॉर्क देतं, पण तो मिळतो ४,००० आरपीएमला. दगडांवरून गाडी रांगत न्यायची असते तेव्हा ४,००० आरपीएम कुणाला हवेत? लो रेंज टाकली तरी पुढचं चाक मोठ्या दगडाला भिडलं की इंजिन घुसमटतं. मग ड्रायव्हर हाफ क्लच करतो, ॲक्सिलरेटर दाबतो, क्लच जळाल्याचा वास येतो आणि चाक दगडावरून उडी मारून पलीकडे आदळतं. खालचं काही तुटतं ते याच उडीत. थारच्या २.२ लिटर डिझेलची गोष्ट वेगळी आहे. त्याचे ३०० न्यूटन मीटर १,६०० आरपीएमपासूनच हाताशी असतात, म्हणून आमच्यातले जुने लोक डिझेल सोडायला तयार नाहीत. मीही त्यांतलीच.

विजेची मोटर मात्र शून्य आरपीएमला पूर्ण टॉर्क देते. चाक दगडाला टेकलेलं, गाडी थांबलेली, आणि तिथूनच ती सावकाश, इंचाइंचाने वर चढते. पेट्रोल इंजिन जिथे दुबळं तिथेच मोटर बलवान, इतका जमलेला जोडा यंत्रशास्त्रात क्वचित सापडतो. आणखी एक फायदा माहितीपत्रकात कधी छापला जात नाही. इंजिन बोंबलत नसलं की बाहेर उभा राहून वाट दाखवणाऱ्याचं बोलणं ड्रायव्हरला ऐकू येतं. ‘उजवीकडे, उजवीकडे, थांब!’ यातलं ‘थांब’ न ऐकल्यामुळे किती बंपर गेलेत, ते आमच्या ग्रुपला विचारा.

पण मोटर कुठे बसवली आहे यावर सगळं अवलंबून असतं, आणि शोरूममध्ये नेमकं तेच कुणी सांगत नाही. ती इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे असेल तर तिचा टॉर्क गिअरबॉक्समधून, पुढे ट्रान्सफर केसच्या लो रेंजमधून जातो आणि कित्येक पटींनी वाढून चारही चाकांना मिळतो. टोयोटाने टॅकोमा आणि लँड क्रूझर २५० या गाड्यांत अशीच मांडणी केली आहे. दुसरी पद्धत म्हणजे पुढची चाकं इंजिन आणि मोटरवर, मागची चाकं एका वेगळ्या छोट्या मोटरवर, आणि दोन्हींना जोडणारा शाफ्टच नाही. ओल्या डांबरावर किंवा बर्फावर ती चालते. पण पुढची चाकं हवेत आणि मागचं एकच चाक चिखलात धरून आहे, अशा वेळी त्या छोट्या मोटरकडून फार अपेक्षा ठेवू नये. आपल्याकडे त्याहून गंमत झाली. २०२२ मध्ये ग्रँड विटारा आणि हायरायडर आल्या तेव्हा फोर बाय फोर हवी तर स्ट्राँग हायब्रिड मिळत नव्हती, आणि स्ट्राँग हायब्रिड हवी तर फक्त पुढची चाकं फिरणार होती. म्हणजे ग्राहकाने एकतर पेट्रोल वाचवायचं, नाहीतर चिखलात जायचं.

बॅटरी केवढी असते याचाही हिशेब मुलांना मी फळ्यावर करायला लावते. टॅकोमाची बॅटरी १.८७ युनिटची, मोटर ३६ किलोवॉटची. मोटर पूर्ण ताकदीने चालवली तर कागदावर जेमतेम तीन मिनिटं. प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण रिकामी होऊच देत नाहीत, म्हणजे त्याहून कमी. चढावर लागणाऱ्या झटक्याला तेवढं पुरतं, पण तासभर विजेवर रांगत जाऊ म्हणाल तर जमणार नाही. उतारावर हाच हिशेब उलटा करा. दोन टनांची गाडी लोणावळ्याहून खोपोलीला उतरली म्हणजे साधारण साडेपाचशे मीटर खाली आली. त्यातून सुटणारी ऊर्जा होते सुमारे तीन युनिट. घर्षणात आणि हवेत काही गेली असं धरलं, तरी आधीच अर्धी भरलेली एवढीशी बॅटरी घाट संपायच्या आत काठोकाठ भरणार. मग मोटरचा ब्रेक संपला, पुढे इंजिनचा ब्रेक आणि खालचा गिअर. आजोबांच्या जीपमध्ये होतं तेच.

मग मोठी बॅटरीच घालावी, प्लग-इन करावी, असं वाटतं. जीपने रँगलर फोर-एक्स-ईमध्ये ते करून पाहिलं. १७.३ युनिटची बॅटरी, घरी चार्ज करायची, तीसएक किलोमीटर नुसत्या विजेवर. अमेरिकेत ती खपली भरपूर. पण बॅटरीला आग लागण्याच्या धोक्यामुळे तिला पुन्हा पुन्हा रिकॉल करावं लागलं, आणि गाडी चार्ज करू नका, इमारतीपासून लांब उभी करा, असं मालकांना सांगायची वेळ आली. या एका उदाहरणावरून सगळ्या प्लग-इनवर फुली मारणं बरोबर नाही. तरी डोंगरात नेताना मला वजनाचाच राग येतो. काळ्या मातीच्या चिखलात रुतलेली गाडी दोर लावून ओढताना प्रत्येक जादा किलो हाताला कळतो.

आता माझी अट. हायब्रिड यंत्रणा बंद पडली तरी गाडी नुसत्या इंजिनवर घरी आली पाहिजे.

साधी वाटते, पण बहुतेक हायब्रिड तिथेच नापास होतात. त्यांच्यात स्टार्टर नसतो, कारण इंजिन सुरू करण्याचं काम मोटर करते. अल्टरनेटरही नसतो, कारण तेही मोटरकडेच. शहरात हे शहाणपणाचंच आहे. वजन वाचतं, पैसे वाचतात, आणि गाडी बंद पडलीच तर तासाभरात क्रेन येते. उधेवाडीच्या वाटेवर क्रेन येत नाही. कामशेतच्या गॅरेजवाल्या मामांना एकदा मी हायब्रिडचं बॉनेट उघडून दाखवलं. नारिंगी वायरी पाहून त्यांनी हात मागे घेतले. ‘मॅडम, याला मी शिवणार नाही,’ म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. त्या वायरींत शेकडो व्होल्ट असतात; प्रशिक्षण आणि रबरी हातमोजे नसताना त्यांना हात लावूच नये. पण मग डोंगरात मामाही नाहीत आणि क्रेनही नाही.

लेक्ससने २०२४ मध्ये एलएक्स ७००एच आणली तेव्हा हा विचार केलेला दिसतो. हायब्रिड असूनही तिच्यात वेगळा स्टार्टर आणि वेगळा अल्टरनेटर ठेवला, हायब्रिड यंत्रणा थांबली तर इंजिनवर परत येता यावं म्हणून. बॅटरी पाण्यापासून वाचवायला वेगळा ट्रे दिला आणि ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता तशीच राखली. हिशेबनिसाला हा दुहेरी खर्च वाटेल. मला वाटतं, ऑफ-रोडचा अर्थ कळलेल्या कुणीतरी ती गाडी आखली आहे. अर्थात तिची किंमत माझ्यासारख्या मास्तरणीने विचारूही नये.

आपल्या आवाक्याजवळचं पाहायचं तर २०२५ मध्ये फॉर्च्युनरला ४८ व्होल्टची जोड मिळाली. याच २.८ लिटर डिझेलच्या हायलक्सला परदेशात ती आधी दिली होती. मोटरची ताकद तिथे १६ हॉर्सपॉवर, टॉर्क ६५ न्यूटन मीटर. ही मदत चहातल्या आल्याएवढी. डिझेलला तळातून टॉर्क असतोच, त्याला या मोटरची गरज सर्वांत कमी. ६५ न्यूटन मीटर जिम्नीला मिळाले तर खालच्या आरपीएमला ती गाडी ओळखू येणार नाही.

ते कोणी करेल का? कंपन्या हायब्रिडकडे वळतात त्यामागे सरकारचे ‘कॅफे’ इंधन-नियमही आहेत, नुसतं ग्राहकाचं प्रेम नाही. तिथे हिशेब सगळ्या विकलेल्या गाड्यांच्या सरासरीचा असतो, त्यामुळे थोड्या खपाच्या ऑफ-रोडरवर पैसा घालायची कुणाला घाई नसते. करही मदतीला येत नाही. सप्टेंबर २०२५ पासून १,२०० सीसीच्या वरच्या पेट्रोल गाडीला ४० टक्के जीएसटी आहे, हायब्रिड असो वा नसो, आणि नुसत्या विजेवरच्या गाडीला ५ टक्के. इतकी दरी ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही. सह्याद्रीत चार्जर पोचायला अजून वेळ आहे आणि गाड्या तर आजच तिथे जातायत.

तोवर ज्यांना हायब्रिड फोर बाय फोर घ्यायचीच आहे त्यांनी शोरूममध्ये ॲव्हरेज विचारू नये. मोठी बॅटरी बंद पडली तर ही गाडी सुरू होते का आणि लो रेंजमध्ये चालते का, एवढं विचारावं आणि उत्तर लिहून घ्यावं. ‘नाही’ म्हणाले तर गाडी खुशाल हिंजवडीसाठी घ्या. राजमाचीला जायचं असेल तेव्हा माझ्या डिझेलमध्ये मागे एक सीट रिकामी असते.